बसस्टँडमागच्या माडीवरचा ब्लूज गिटारवर्ग: कॉर्ड-मेलडीसाठी फी भरावी का?

भरावी. पण जाताना गिटार स्वतःची न्या, आणि नेण्याआधी तिची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) उतरवून घ्या. वर्गातल्या गिटारी या शिक्षणाच्या कामाच्या नाहीत, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

संत्रापट्ट्यातल्या आपल्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या कृषी केंद्राच्या माडीवर ब्लूजचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा) हा वर्ग शनिवार-रविवारी भरतो. दहा आठवडे, दर बैठक दीड तासाची, बॅचमध्ये सहा जण, फी ४,००० रुपये. तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गट) धरून गाण्यामागे साथ करता येते, पण एकट्या गिटारवर अख्खं गाणं उभं करता येत नाही, अशांसाठी तो आहे. ज्याला सी वरून जी वर जाताना अजून थांबावं लागतं, त्यानं आधी सहा महिने साधी साथ करावी.

कॉर्ड-मेलडी म्हणजे एकाच वाजवणाऱ्यानं एकाच वेळी बास, कॉर्ड आणि चाल सांभाळायची. वरच्या दोन बारीक तारांवर चाल, मधल्या दोन तारांवर कॉर्ड, जाड तारांवर अंगठ्याचा बास. ऐकायला सोपं, पण बहुतेकांची गाडी पहिल्याच वळणावर अडते, कारण ते सहा तारांचा पूर्ण कॉर्ड धरून बसतात. चारही बोटं कॉर्डमध्ये गुंतली की चाल वाजवायला बोट उरत नाही. मग चालीसाठी कॉर्ड सोडावा लागतो, आणि गाण्याला मध्येच खड्डा पडतो.

या वर्गाचं सगळ्यात मोठं बलस्थान म्हणजे पहिल्याच शनिवारी सर कॉर्ड काढून घेतात. उरतात फक्त दोन स्वर, मूळ स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा. ब्लूजचा सेव्हन कॉर्ड ओळखू यायला एवढे दोन पुरतात, मूळ स्वर अंगठा देतोच. ई च्या पट्टीतला बारा मात्रागटांचा (मात्रागट म्हणजे चार ठोक्यांचा बार) ब्लूज घेऊन हे असं बसवतात: ई सेव्हनसाठी चौथ्या तारेवर (तारा बारीक तारेपासून मोजायच्या) सहावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) आणि तिसऱ्या तारेवर सातवा. ए सेव्हनला जायचं तर दोन्ही स्वर एक फ्रेट खाली, म्हणजे पाचवा आणि सहावा. बी सेव्हनला ई सेव्हनच्या जागेवरून एक फ्रेट वर, सातवा आणि आठवा. आकार तोच. असं का जमतं, तेही फळ्यावर नीट मांडतात. ई सेव्हनमध्ये चौथ्या तारेवरचा जी शार्प हा तिसरा आणि तिसऱ्या तारेवरचा डी हा सातवा. ए सेव्हनमध्ये भूमिका बदलतात, चौथ्या तारेवरचा जी सातवा होतो आणि तिसऱ्या तारेवरचा सी शार्प तिसरा. हे एकदा डोक्यात बसलं की दुसऱ्या पट्टीत जायला नवे आकार पाठ करावे लागत नाहीत.

दीड तास दोन बोटांवर घालवणं काहींना जड जातं. पण हाच दीड तास पुढचे नऊ आठवडे तारतो.

अडचण येते ती बोटांच्या बदलात. ई सेव्हनला चौथ्या तारेवर मधलं बोट, तिसऱ्या तारेवर अनामिका; तर्जनी दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटसाठी मोकळी आणि करंगळी आठव्यासाठी. ए सेव्हनला येताना निम्मे विद्यार्थी तीच दोन बोटं एक फ्रेट खाली सरकवतात. ऐकायला बरोबर येतं, पण आता मधलं बोट पाचव्या फ्रेटवर आणि तर्जनीलाही पाचवाच फ्रेट हवा. बोटांची गर्दी होते, मनगट वाकतं, आणि ‘सर, बोट पुरत नाही जी’ ही तक्रार सुरू होते. बोट पुरतं, बोटांची वाटणी चुकलेली असते. ए सेव्हनला तर्जनी पाचव्या फ्रेटवर बारीक बाजूच्या चार तारांवर आडवी टाकायची आणि मधलं बोट तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर ठेवायचं. दुसऱ्या तारेवरचा ई आणि पहिल्या तारेवरचा ए आपोआप हाताखाली येतात, करंगळी आठव्या फ्रेटच्या जी साठी सुटी राहते. बी सेव्हनला तर्जनी सातव्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी, कारण बासचा बी सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटवर मिळतो, आणि मधलं बोट तिसऱ्या तारेच्या आठव्यावर. ई आणि ए ला बास मोकळ्या तारांवर आहे, त्यामुळे खरं बळ फक्त बी सेव्हनला लागतं. वर्गात ही वाटणी प्रत्येकाच्या हाताजवळ येऊन तपासतात. छापील कागदावर मात्र ती नाही. टॅबमध्ये (गिटारच्या तारा-फ्रेटच्या लेखनात) तारा आणि फ्रेट आहेत, बोटांचे आकडे नाहीत आणि लयीच्या खुणाही नाहीत. घरी गेल्यावर बुधवारपर्यंत निम्मं विसरतं. पेन्सिल न्या आणि प्रत्येक स्वराखाली बोटाचा आकडा तिथंच बसून लिहा.

अंगठ्याचा धडा उत्तम आहे. सुरुवातीला अंगठा एकाच तारेवर, मात्रागटात चार ठोके, न बदलता. ई ला सहावी तार मोकळी, ए ला पाचवी मोकळी. बिग बिल ब्रूंझी आणि लायटनिन हॉपकिन्स या ब्लूज गिटारवादकांच्या वादनात हा एकसुरी बास ऐकू येतो. तसेच गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांच्या १९२८ च्या ध्वनिमुद्रणांत अंगठा दोन तारांवर आलटून-पालटून फिरतो. फिरता बास आधी शिकवला तर नवख्याचं लक्ष अंगठ्यातच अडकतं. इथं तो आठव्या आठवड्याला येतो, हेच बरोबर. उजव्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजवर (तारा जिथं गिटारच्या पोटावर बसतात त्या पट्टीवर) अशी टेकवायची, की पाचवी-सहावी तार ‘ठम्’ अशी बंद वाजेल. कड अर्धा सेंटीमीटर जरी जास्त पुढं सरकली तरी चौथी तारही दबते आणि कॉर्ड बहिरा होतो. कॉर्ड मेल्यासारखा वाटला तर डावा हात तपासण्याआधी ही कड तपासा.

शफलची (ब्लूजमधली झुलती) लय सर दादऱ्यातून शिकवतात, आणि आपल्याकडच्या कानाला यापेक्षा सरळ वाट नाही. धा धी ना धा ती ना. प्रत्येक ठोक्याच्या तीन मात्रा धरायच्या, पहिली आणि तिसरी वाजवायची, मधली मनात मोजायची. दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे एक मात्रागट, चोवीस आवर्तनं म्हणजे पूर्ण बारा. मिनिटाला ६० ठोक्यांना हा फेरा ४८ सेकंदांत पुरा होतो. मोबाईलचं घड्याळ समोर ठेवलं की लय पळतेय का, ते लगेच कळतं. जवळजवळ सगळ्यांची पळते, आणि पळते ती नवव्या मात्रागटात, बी सेव्हनची आडवी तर्जनी टाकायच्या घाईत.

चालीसाठी ई ला षड्ज धरून सा, कोमल ग, म, प, कोमल नी हे स्वर देतात. हे तर धानीचेच स्वर झाले. मध्ये जाता-येता तीव्र मध्यमाचा चटका दिला की ब्लूजची पट्टी तयार. ज्यानं पेटीवर किंवा भजनात स्वर ओळखायचं शिकलं आहे, त्याचं हे काम एका बैठकीत होतं. खरी मेख कोमल गंधारात आहे. दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट, जी. ई सेव्हनवर हा स्वर सरळ वाजवला तर कोरडा वाटतो. करंगळीनं तार किंचित ढकलून तो शुद्ध गंधाराकडं झुकवायचा, पण तिथं पोचू द्यायचा नाही. अर्ध्या स्वराच्याही अर्ध्यावर थांबायचं. खाली त्याच वेळी कॉर्डमध्ये जी शार्प वाजतोय, आणि त्या दोघांच्या घासण्यातूनच ब्लूजचा रंग येतो. आता ए सेव्हन आला. जी तोच, फ्रेट तोच, पण इथं तो कॉर्डचा सातवा आहे आणि चौथ्या तारेवरही तोच जी वाजतोय. इथं तार ढकलली की दोन जी एकमेकांशी भांडतात आणि गिटार बेसूर आहे असं वाटतं. म्हणून ई वर झुकवा, ए वर सरळ ठेवा. दहा आठवड्यांतली ही अर्धा तासाची शिकवण एकटीच फीच्या मोलाची आहे.

कॉर्ड कुठं वाजवायचा, याचाही विचार चांगला आहे. चालीच्या प्रत्येक स्वराखाली कॉर्ड ठोकला की वादनाची कवायत होते. इथं चाल दोन मात्रागट आणि कॉर्डचं उत्तर दोन मात्रागट, असं बसवतात. खंजेरी भजनात पुढचा ओळ टाकतो आणि मागचे उचलतात, तसंच. ब्लूजच्या गाण्यातही पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिसरी वेगळी, अशी चार-चार मात्रागटांची बांधणी असते. पहिल्या ओळीला बसवलेली चाल दुसऱ्या ओळीला तशीच घ्यायची, फक्त खालचा कॉर्ड ए सेव्हन होतो. नवख्यांना प्रत्येक ओळीला नवं काही सुचवायचा ताण येतो, तो यानं जातो.

शेवटच्या दोन मात्रागटांची उतरण सातव्या आठवड्यात येते. पहिल्या तारेवर फ्रेट ४, ३, २ आणि मोकळी. तिसऱ्या तारेवर त्याच वेळी ४, ३, २, १. शेवटी मोकळ्या आकारातला बी सेव्हन. दोन्ही तारा अंगठा-तर्जनीच्या चिमटीनं एकदम वाजल्या पाहिजेत. डाव्या हाताची तीच दोन बोटं दुसऱ्या फ्रेटपर्यंत तारांवरून न उचलता सरकवायची. उचलली की प्रत्येक वेळी नेम चुकतो.

नवव्या आठवड्यावर मात्र आक्षेप आहे. सहाव्या मात्रागटात ए शार्प डिमिनिश, आठव्यात सी शार्प सेव्हन, नवव्यात एफ शार्प मायनर सेव्हन हे सगळं एकाच बैठकीत ओततात. स्वर बरोबर आहेत, जॅझकडं झुकणारे वादक ते वापरतातच. पण ज्याची तीन कॉर्डांची लय अजून नवव्या मात्रागटात पळते, त्याच्या हाताला हे झेपत नाही. यातला फक्त डिमिनिश ठेवून उरलेला वेळ ऐकण्याला दिला असता तर जास्त उपयोग झाला असता. अख्ख्या दहा आठवड्यांत ऐकण्याला मिळून एक तासही मिळत नाही, ही या वर्गातली सगळ्यात मोठी उणीव. ब्लूजचे गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६-३७ मध्ये सॅन अँटोनियो आणि डॅलसला मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, एकट्या गिटारवर. त्यातलं एक जरी आठवडाभर रोज ऐकवलं तरी अंगठा आणि चाल यांचं नातं कानात बसतं. हे तुम्ही घरीच करा.

आता गिटारी. वर्गातल्या चारही गिटारींची ॲक्शन बाराव्या फ्रेटपाशी ४ मिलिमीटरच्या आसपास आहे. अशा गिटारवर सातव्या फ्रेटला आडवी तर्जनी धरून दोन फेरे वाजवून दाखवणं अनुभवी हातालाही कठीण. सहाव्या तारेखाली २.५ आणि पहिल्या तारेखाली २ मिलिमीटर पुरे. मान सरळ असेल तर सॅडल (ब्रिजमधली, तारांना आधार देणारी छोटी पट्टी) काढून त्याचा तळ सपाट सँडपेपरवर घासायचा. बाराव्या फ्रेटला १ मिलिमीटर उतरवायला सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं. थोडं घासा, बसवून बघा, पुन्हा घासा. एकदा जास्त घासलं की नवीन सॅडल आणावं लागतं. तारा एक्स्ट्रा लाइट (पहिली तार .०१० इंच जाडीची) घ्या, करंगळीनं पाव स्वर झुकवायला त्या सोप्या जातात.

आपल्या हवेचंही लक्षात ठेवा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गिटारचं पोट फुगतं आणि ॲक्शन वर चढते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत उलट होतं, पोट बसतं, तारा फ्रेटला घासून झणझणतात आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटांना टोचू लागतात. म्हणून सॅडल घासायचं काम भर उन्हाळ्यात किंवा भर पावसाळ्यात करू नका, दिवाळीनंतर करा. ठोस लाकडाच्या महागड्या गिटारपेक्षा प्लायच्या पोटाची गिटार इथं जास्त टिकते, आणि शिकायला तेवढी पुरे.

जूनची बॅच पेरणीत सापडते आणि दोन-तीन जण हमखास गळतात. नोव्हेंबरच्या बॅचला कापूस वेचणी असते. बोंडाच्या टोकांनी नखांकडेची कातडी सोलवटलेली असेल तर त्या आठवड्यात तार झुकवायचा सराव बाजूला ठेवा आणि अंगठ्याचा बास पक्का करा, त्याला डावी बोटं फारशी लागत नाहीत. जानेवारीची बॅच सगळ्यात सोयीची.

मार्चमध्ये वर्ग संपत आला की माडीवर कूलर सुरू होतो. त्याच्या तोंडासमोरची खुर्ची घेऊ नका. ओल्या वाळ्याच्या झोतात सूर दहा मिनिटांत हलतो आणि तारा महिनाभरात गंजतात. खिडकीकडची भिंतीलगतची जागा घ्या. बॅच सहाच जणांची, त्यामुळे पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचलात तर ती मिळते.