वर्षभर घेतलेल्या पेपरचा आणि त्यातल्या वाघांचा रिव्ह्यू

मागच्या दिवाळीत वार्षिक स्कीम घेतली, सोबत स्टीलचा डबा फ्री. पेपरचं नाव नाही सांगत, नागपुरात निघणारा मराठी पेपर आहे, तुमच्याही घरी येत असेल. डिलिव्हरी एक नंबर, पोरगा सहाच्या आत गेटवर टाकून जातो, पावसाळ्यात पन्नीत गुंडाळून. डबा मात्र बारका निघाला, त्यात दोन पोळ्या दुमडूनच बसतात. तक्रार डब्याची नाही, वाघाची आहे.

आता नागपूरचा पेपर म्हटल्यावर वाघ येणारच ना, इकडे पेंच, तिकडे उमरेड-कऱ्हांडला, खाली ताडोबा, टायगर कॅपिटल म्हणून आपणच मिरवतो. राज्यात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ ला ४४४ झाले. पण पहिल्या पानावरचा वाघ बघा, बहुतेक वेळा दोन पायांचाच निघते. जिंकला की ढाण्या वाघ, हरला की जखमी वाघ, पक्ष बदलला की पिंजऱ्यातला वाघ, आणि विरोधकांच्या तोंडी कायम कागदी वाघ (हा मूळचा चीनचा, माओ १९४६ मध्ये अमेरिकेला असं म्हणाला होता, आता आपल्या झेडपीच्या बातमीत येऊन बसलाय). शिवसेनेच्या बातमीत वाघ आला तर समजू शकतो, त्यांचं बोधचिन्हच आहे ते. पण परवा एका नगरसेवकाने 'डरकाळी फोडली' म्हणून चार कॉलम हेडिंग, खाली वाचतो तर साहेब नालीच्या टेंडरबद्दल बोलले होते बाप्पा!

आणि गंमत म्हणजे जंगलातल्या खऱ्या वाघाला माणसाचं नाव नाहीतर नंबर. ताडोबाची माया, नागझिऱ्याहून चालत कऱ्हांडल्यात आलेला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कोणाला दिसलाच नाही तो जय. यवतमाळकडची ती वाघीण वनविभागाच्या कागदात टी-१, तिला वाचवा म्हणणाऱ्यांची अवनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला मारलं तेव्हा बातमीत कोणतं नाव टाकलंय त्यावरूनच समजायचं की लिहिणारा कोणाच्या बाजूचा आहे. म्हणजे नेत्याला वाघ म्हणायचं आणि वाघाला जय. २०१९ मध्ये मिहानमध्ये, म्हणजे आपल्या विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, वाघ फिरत होता तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी हेडिंग वाचून आधी हेच विचारलं, कोणाची सभा आहे?

कहर तर मागच्या महिन्यात झाला. माझी पोरगी तिसरीत आहे, नुकतीच मोठ्याने पेपर वाचायला शिकली, चहाच्या टायमाला आतलं पान घेऊन बसली आणि एकदम रडवेली झाली, "बाबा, तीन वाघिणी रुळावरून घसरल्या, मेल्या असतील का?" मी पण दचकलो, हातातला टोस्ट चहात पडला, पेपर ओढून बघतो तर कोळशाची मालगाडी! रेल्वेच्या वॅगनला मराठी पेपरवाले कधीपासून वाघीण म्हणतात, वॅगनचंच वाघीण झालंय ते, मला माहीत होतं पण तिला कसं समजावणार, ती विचारते मग त्यांना पिल्लं होतात का. आता फाटकावर मालगाडी आली की ती वाघिणी मोजते, परवा ५८ झाल्या. खरं सांगू का, हा एक वाघ मला आवडला, यात कोणाला फुगवायचा विचार नाही, तोंडातल्या तोंडात शब्द वळला आणि बसला.

जंगलाच्या बातम्या देणारा जो कोणी आहे त्याला मात्र पूर्ण मार्क. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईवर हल्ला झाला तर गाव, वेळ, जंगलाचा कंपार्टमेंट नंबर, मदतीचं काय झालं ते सगळं देतो, उगाच 'धुमाकूळ' न् 'थरार' नाही, बिबट्याला बिबट आणि वाघाला वाघच लिहितो. ही बातमी सातव्या पानावर खाली कोपऱ्यात असते, शोधावी लागते.

साडेतीन स्टार. स्कीम रिन्यू केली, कारण सकाळी पेपर नसला तर आईला चहा जात नाही. यंदा डब्याऐवजी भिंतीवरचं कॅलेंडर दिलंय, विदर्भाचे वाघ, बारा महिने बारा फोटो. पोरगी पानं उलटत जुलैवर थांबली. अंगावर पट्टे नाहीत, ठिपके आहेत, आणि खाली लिहिलंय जंगलाचा राजा वाघ.