थेरपी केंद्र की व्हिडिओ कॉलवरून पालक-मार्गदर्शन: ऑटिझम असलेल्या लहान मुलासाठी निवड करताना

मुलाला ऑटिझम असल्याचे दोन-अडीच वर्षांच्या वयात कळले, की पालकांपुढे पहिला व्यावहारिक प्रश्न येतो तो हा: आठवड्यातून काही वेळा मुलाला थेरपी केंद्रात न्यायचे, की व्हिडिओ कॉलवर तज्ज्ञाकडून आपण शिकायचे आणि घरी मुलासोबत आपणच काम करायचे. आम्ही दोन्ही मार्गांचा अनुभव घेतला आहे आणि सध्या दुसऱ्या मार्गावर आहोत. लवकर सुरुवात का करायची हे वाचकाला ठाऊक आहे आणि मुलाच्या कानांची तपासणी आधीच होऊन गेली आहे, असे धरून मी लिहीत आहे.

आम्ही कराडला राहतो आणि केंद्र कोल्हापूरला होते. त्यामुळे प्रवासाला कंटाळून आम्ही घरचा मार्ग धरला, असे नातेवाइकांना वाटते. प्रवास त्रासाचा होता हे खरे. महामार्गाचे काम सुरू असल्याने वेळेचा भरवसा नसे आणि दुपारच्या झोपेतून उठवून नेलेले मूल सेशनच्या आधीच चिडलेले असे. तरीही आमचा निर्णय अंतरामुळे झाला नाही. तेच केंद्र आमच्या गल्लीत असते, तरी बहुधा मी आज जे लिहीत आहे तेच लिहिले असते.

केंद्राच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तिथे स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या हालचाली आणि कामे करायला शिकवणारे) एकाच छताखाली भेटतात. झोके, मोठे चेंडू, वजनदार उशा हे साहित्य घरी जमवणे सोपे नाही. अनुभवी थेरपिस्टने मुलाला प्रत्यक्ष हात लावून, त्याचे चालणे, बसणे, चावणे पाहून जे ओळखावे, ते पडद्यावरून ओळखता येईलच असे नाही. शिवाय तिथे इतर पालक भेटतात. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, हे आम्हाला कोणा डॉक्टरांनी सांगितले नाही. बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका आईने सांगितले. निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत अशी सोबत मिळणे ही लहान गोष्ट नाही.

मात्र त्याच बाकाने आमचा निर्णय केला. आम्ही जात होतो त्या केंद्राचा नियम असा होता की मुलाला दारात थेरपिस्टच्या हाती सोपवायचे आणि पालकांनी बाहेर थांबायचे. दार बंद होई. पाऊण तास आतून कधी रडणे, कधी टाळ्या, कधी ‘सिट डाऊन’ आणि ‘गुड जॉब’ ऐकू येई. मग दार उघडे, मूल बाहेर येई आणि पुढचे मूल आत जाण्याआधी जी दोन मिनिटे मिळत त्यांत थेरपिस्ट सांगत, “आज छान बसला,” किंवा “आज थोडा चिडचिड करत होता.” तो कशाने छान बसला, कशाने चिडला, त्या क्षणी त्यांनी काय केले, यांपैकी काहीही आमच्या हाती लागत नसे. विचारल्यावर उत्तर मिळे, “घरी पण प्रॅक्टिस घ्या.” कशाची प्रॅक्टिस, आणि कशी, हा प्रश्न घेऊन आम्ही परतीच्या रस्त्याला लागत असू. पालक समोर असले की मूल त्यांच्याकडेच धावते आणि काम होत नाही, हे नियमामागचे कारण मला समजते, आणि त्या थेरपिस्टच्या कौशल्याबद्दल किंवा मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु अडीच वर्षांचे मूल आठवड्यात दोन-तीन तास थेरपिस्टजवळ असते आणि जागेपणीचा उरलेला सगळा वेळ आपल्याजवळ असते. त्या उरलेल्या वेळाचे काय करायचे हे ज्यांना सांगायला हवे, त्यांनाच दाराबाहेर बसवणे मला फार खटकले. त्या पाऊण तासात तो आत काही तरी शिकत होता. आम्ही मात्र होतो तिथेच होतो. आत तो चित्र दाखवून पाणी मागतो असे एकदा कळले, पण घरी ती चित्रे नव्हती, ती पद्धत आम्हाला माहीत नव्हती, आणि पाण्यासाठी तो पूर्वीसारखाच आईचा हात धरून तिला माठाकडे ओढत राहिला.

दूरस्थ मार्गदर्शनात हेच नेमके उलटे होते. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल असतो आणि त्यात तज्ज्ञ मुलाशी जवळजवळ बोलतच नाहीत. बोलतात ते आमच्याशी. शिकवण्याच्या गोष्टी दिसायला साध्या असतात: मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीला बसणे, तो जे करतो आहे त्यात सामील होणे, एका वेळी एक-दोन शब्दच बोलणे, हवी असलेली वस्तू देण्याआधी क्षणभर थांबणे. ऐकताना वाटते की हे तर आपण करतोच. प्रत्यक्षात आपण करत नसतो, आणि ते कोणी तरी त्याच वेळी दाखवून द्यावे लागते.

एक उदाहरण देतो. आमचा मुलगा स्टीलच्या डब्याचे झाकण फरशीवर गरगर फिरवत तासन्‌तास बसे. आम्ही ते काढून घेत असू, कारण ही सवय मोडायला हवी असे आम्हाला सर्वांनी सांगितले होते. मार्गदर्शक ताईंनी माझ्या पत्नीला त्याच्यासमोर फरशीवर बसायला सांगितले आणि दुसरे झाकण घेऊन तसेच फिरवायला सांगितले. “बोलू नका, फक्त फिरवा. तो थांबला की तुम्हीही थांबा.” बराच वेळ काही घडले नाही. मग त्याने आपले झाकण हाताने दाबून थांबवले, हिनेही थांबवले. त्याने पुन्हा फिरवले, हिनेही फिरवले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याने झाकण थांबवून थेट आईच्या चेहऱ्याकडे पाहिले, ती काय करते हे पाहण्यासाठी. “आता म्हणा, ‘फिरव’. एकच शब्द,” असे फोनमधून हळू आवाजात सांगितले गेले. पुढच्या काही आठवड्यांत तो शब्द त्याच्या तोंडून अर्धामुर्धा येऊ लागला, आणि तोही घरात, आमच्या भाषेत, आमच्याच डब्याच्या झाकणाशी जोडलेला. हे मोजमाप नव्हे याची मला जाणीव आहे. कदाचित त्याची वेळ आली होती म्हणूनही तो बोलला असेल. परंतु काय केल्याने काय घडले हे पहिल्यांदाच आमच्या डोळ्यांसमोर होते, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही ते पुन्हा करू शकत होतो.

या पद्धतीच्याही अडचणी आहेत. मुलाला फोन दिसला की खेळ संपतो, कारण त्याला फोनच हवा असतो. नेटवर्क नेमक्या क्षणी अडकते. कोणी पाहत आहे या जाणिवेने आई-वडील अवघडतात आणि अनोळखी बाईंशी बोलल्यासारखे मुलाशी बोलू लागतात. आम्हाला यावर जमलेला उपाय असा: खेळताना दहा मिनिटांचे चित्रीकरण करायचे, फोन फळीवर उंच ठेवायचा, ते आधी पाठवून द्यायचे आणि मूल झोपल्यावर कॉलवर ते एकत्र पाहायचे. माझ्या मते थेट कॉलपेक्षा हे जास्त उपयोगी पडते, कारण चित्रीकरण थांबवता येते, मागे नेता येते आणि मुलाने केलेला बारीकसा इशारा, जो त्या वेळी सुटला होता, तो दिसतो.

ही पद्धत घरगुती जुळवाजुळव वाटू नये म्हणून सांगतो. चित्रीकरण एकत्र पाहून पालकांना शिकवण्याच्या पद्धतीचा आपल्याकडचा महत्त्वाचा अभ्यास गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांबरोबर केला; तो २०१६ मध्ये मानसोपचारविषयक नियतकालिक ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २ ते ९ वर्षांची ६५ मुले होती आणि पालकांना शिकवणारे लोक तज्ज्ञ थेरपिस्ट नसून प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाला देत असलेल्या प्रतिसादात स्पष्ट सुधारणा झाली आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. हे मार्गदर्शन समोरासमोर दिलेले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण त्याचा गाभा, म्हणजे पालकाला मुलाचा इशारा दिसू लागणे, तो फोनवरूनही तसाच पोहोचतो असा आमचा अनुभव आहे. मूळ पद्धत ब्रिटनमधील जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १५२ मुलांच्या त्यांच्या २०१० मधील अभ्यासात उपचार संपताना ऑटिझमच्या लक्षणांत फारसा फरक दिसला नव्हता. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासले तेव्हा तो दिसला.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत सॅली रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ९८ मुलांच्या अभ्यासात १२ आठवडे, आठवड्याला एक तास पालकांना शिकवले, आणि गावात मिळेल ती नेहमीची थेरपी घेणाऱ्या मुलांपेक्षा ही मुले पुढे गेली असे आढळले नाही. मात्र दुसऱ्या गटातील मुलांना थेरपीचे तास जास्त मिळाले होते. त्यामुळे मी यातून एवढेच घेतो की तीन महिन्यांत चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

केवळ ऑनलाइन अभ्यासक्रम पाहून पालकांनी स्वतः शिकावे की नाही, याबद्दल माझे मत नकाराकडे झुकते. मिशिगन स्टेट विद्यापीठात ब्रुक इंगरसोल यांनी नेमकी हीच तुलना केली: एका गटाला फक्त संकेतस्थळावरील पाठ आणि दुसऱ्या गटाला त्यासोबत व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शक. सुधारणा दोन्हीकडे झाली, पण मार्गदर्शक असलेल्या पालकांना तंत्र अधिक चांगले जमले. अभ्यास लहान होता, तरी निष्कर्ष पटण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा काळजीवाहकांसाठीचा विनामूल्य अभ्यासक्रम चांगला आहे. मूळ स्वरूपात तो ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटींचा आहे. प्रतीक्षायादीत असताना त्याची ऑनलाइन आवृत्ती जरूर पाहावी, पण त्यावरच थांबू नये.

दूरस्थ मार्गाबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘पालक-मार्गदर्शन’ असे म्हणताना बहुतेक घरांत पालक म्हणजे आईच असते. केंद्रात निदान तो पाऊण तास तिला स्वस्थ बसायला मिळतो. घरी मात्र आंघोळ, जेवण, कपडे घालणे हा प्रत्येक प्रसंग थेरपीचा होतो, आणि मुलात प्रगती दिसली नाही की बोट तिच्याकडे वळते. आमच्याकडे वडील या नात्याने संध्याकाळची आंघोळ आणि झोपण्यापूर्वीचा खेळ मी घेतला, आणि तिने चित्रीकरणात नसावे असे काही दिवस ठरवून ठेवले. ज्या घरात दुसरे कोणीही हात लावणार नाही, आई आधीच थकलेली किंवा खचलेली आहे, किंवा एकटीच कमावते आहे, तिथे मी हा मार्ग सुचवायला कचरेन. तिथे केंद्रच बरे.

मुलाला गिळताना-चावताना अडचण असेल, झटके येत असतील, तो स्वतःला इजा करून घेत असेल किंवा हालचालींत लक्षणीय मागे असेल, तर प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) आधी जावे. तिथे निरनिराळे तज्ज्ञ एकत्र मिळण्याची सोय असते आणि सेवा विनामूल्य आहे.

दूरस्थ मार्गदर्शक निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (दिव्यांगांच्या पुनर्वसनातील व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. त्याहून उपयोगी खूण माझ्या मते ही: पहिल्या कॉलमध्ये मार्गदर्शक मुलाला कामाला लावतात, की तुम्हाला? पडद्यावरून मुलालाच “लूक हिअर” म्हणत चित्रे दाखवली जात असतील, तर ते केंद्रच आहे, फक्त फोनमधले. त्यासाठी पैसे देण्यात अर्थ नाही. फीच्या बाबतीत आम्हाला दोन्हीकडे फारसा फरक पडला नाही; वाचला तो प्रवासखर्च आणि अर्ध्या दिवसाची रजा.

केंद्राची निवड करणाऱ्यांनीही प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट विचारावी: सेशनमध्ये आम्हाला आत बसता येईल का, आणि शेवटची दहा मिनिटे आमच्या हातून करून घ्याल का? याला ‘हो’ म्हणणारी केंद्रे आहेत, आणि तसे केंद्र परवडणाऱ्या अंतरावर मिळाले तर माझे वरचे बहुतेक आक्षेप गळून पडतात. आम्हाला ते तेव्हा मिळाले नाही. आता ऑक्युपेशनल थेरपीसाठी आम्ही महिन्यातून एकदा अशा एका ठिकाणी जातो, जिथे दार उघडे असते आणि मी आत चटईवर बसतो. बाकी सारे काम घरीच चालते, आणि आठवड्याचे चित्रीकरण अजून दर रविवारी रात्री पाठवले जाते.