आर्केनम: एकदा तरी ढ हाफ-ओगर घेऊन खेळाच

आरपीजीमध्ये (म्हणजे एखादं पात्र बनवून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये) रोलप्ले म्हणजे परकायाप्रवेश असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. आर्केनम हा असाच २००१ चा कॉम्प्युटर गेम, ट्रॉइका कंपनीचा. टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की, जेसन अँडरसन हे तिघं आधी फॉलआउट या गेमवर काम करत होते आणि कमी बुद्धीच्या कॅरेक्टरला वेगळे डायलॉग द्यायची आयडिया तिथे १९९७ लाच आली होती, पण माझ्या मते ती खरी फुलली इथे.

करायचं काय तर कॅरेक्टर बनवताना इंटेलिजन्सचा (बुद्धीचा) आकडा ५ च्या खाली ठेवायचा, हाफ-ओगर (अर्धा माणूस, अर्धा राक्षस) घेतला की ते सोपं जातं आणि ताकद पण दणदणीत मिळते. सुरुवातीलाच झेफिर नावाचं हवाई जहाज कोसळतं, मरायला टेकलेला एक नोम (बुटक्या जमातीतला) हातात अंगठी देतो, लगेच व्हर्जिल नावाचा साथीदार येऊन तुम्ही नसरुद्दीन या जुन्या काळच्या वीराचा पुनर्जन्म आहात वगैरे सांगायला लागतो, आणि आपल्या ओगरकडे उत्तरं कसली तर तुटक, दोन-चार शब्दांची. सगळ्यात भारी आहे ते जर्नल, म्हणजे गेममधली डायरी! क्वेस्टच्या (कामगिऱ्यांच्या) नोंदी पण त्याच्याच भाषेत येतात, म्हणजे समोरच्याने एवढं सगळं सांगितलं त्यातलं याला जेवढं उमगलं तेवढंच लिहिलेलं. त्यामुळे कोण काय बोललं ते नीट वाचून तुम्हालाच डोक्यात ठेवावं लागतं, आणि अशा कमी बुद्धीच्या माणसाला जगात वावरणं किती अवघड जात असेल ते खेळता खेळता कळतं. इतका विचार आजच्या मोठ्या बजेटच्या गेम्समध्ये पण क्वचित दिसतो.

गेममधल्या टॅरंट शहरात श्रीमंत नोम लोकांचे बॉडीगार्ड हाफ-ओगर असतात आणि ते येतात कुठून यावर एक क्वेस्ट आहे, स्पॉइलर देत नाही. पण आधी हुशार कॅरेक्टरने तो क्वेस्ट करा आणि मग हा ओगर घेऊन त्याच रस्त्यांवरून फिरा, पोटात कालवतं अक्षरशः.

फाईट्स मात्र बेकार आहेत. रिअल टाइममध्ये काय चाललंय तेच कळत नाही, टर्न-बेस्डच (आळीपाळीने चाल करायचा मोड) ठेवा. एक बरं आहे, एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) प्रत्येक फटक्याला मिळतो त्यामुळे ओगर भराभर लेव्हल वाढवतो. टेक्नॉलॉजीच्या (यंत्रं-हत्यारं बनवायच्या) स्किल्सचा नाद सोडा, त्याला इंटेलिजन्स लागतोच. गोड बोलून काम काढायचे बरेच रस्ते बंद होतात आणि काही क्वेस्ट हातातून जातात, म्हणून पहिल्याच वेळी असं कॅरेक्टर घेऊ नका, गोष्टीचा अर्धा भाग डोक्यावरून जाईल.

गेम जीओजी या ऑनलाइन गेम-स्टोअरवर मिळतो. घेतल्यावर आधी फॅन लोकांचा अनऑफिशियल पॅच (दुरुस्तीची फाइल) टाका, बग्स पण कमी होतात आणि आजच्या स्क्रीनवर नीट दिसतो. आणि व्हर्जिलला सोडू नका, तो हील करत राहतो.