साधं, 95 की 100? कोकणात बाईकमधे कुठलं पेट्रोल टाकायचं

गणपतीला चाकरमानी गावाक इले की आमच्या पडवीत तीन गाड्या लागतात. वडलांची जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर, माझी क्लासिक 350 आणि मुंबईवरून रात्रभर चालवत आणलेली चुलतभावाची 390 ड्यूक. आणि दरवर्षी कणकवलीच्या बाजूला हायवेच्या पंपावर एकच सीन, भाऊ विचारतो "100 वालं नाही काय इथे?" पंपावरचा पोरगा हसतो, वडील म्हणतात "अरे साधं टाक रे, कशाला पैसे घालवतोस", आणि मागे रिक्षावाले हॉर्न मारायला लागतात. यंदा वैतागून घरी बसून तिन्ही गाड्यांचा हिशोब मांडला, तोच इथे टाकतोय, कारण प्रश्न एक असला तरी तीन गाड्यांची उत्तरं तीन निघाली.

95, 100 हे पेट्रोलच्या ऑक्टेनचे नंबर, म्हणून आधी ऑक्टेन म्हणजे काय ते, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, दाबलं की ते तापतं, आणि प्लगची ठिणगी पडल्यावर पेट नीट पसरायच्या आधीच त्यातला काही भाग आपोआप पेटला तर नॉकिंग होतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची दम धरायची ताकद, बस. आयसोऑक्टेन नावाच्या द्रव्याला 100 मार्क, हेप्टेनला शून्य, आणि आपलं पेट्रोल ह्या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं त्यावरून नंबर. जोर, पॉवर, गरमी ह्याचा तो नंबर नाहीच. 100 वाल्या लिटरमधे 91 वाल्यापेक्षा जास्त ताकद भरलेली नसते, ते फक्त जास्त दाब सहन करतं. आणि अमेरिकन व्हिडिओ बघून घाबरू नका, तिकडचा 87 वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो (दोन चाचण्यांची सरासरी), आपल्या मोजमापात तो साधारण 91-92 होतो.

मग गाडीला किती दम लागतो ते कॉम्प्रेशन रेशोवरून कळतं, म्हणजे मिश्रण किती पटीने दाबलं जातं. जुनी कास्ट आयर्न बुलेट साडेपाच-साडेसहाच्या घरातली, आरएक्स 100 पावणेसातच्या आसपास, ह्यांना अक्षरशः काहीही चालायचं. नवी क्लासिक 350 आणि इंटरसेप्टर 650 दोन्ही साडेनऊ, पल्सर 150 पण तिथेच, स्प्लेंडर दहाच्या जवळ. हिमालयन 450 साडेअकरा, आर15 चं 11.6, आणि भावाची ड्यूक साडेबाराच्या वर. शेवटच्या तिघांसाठी ऑक्टेनचा विचार करण्यात अर्थ आहे, बाकीच्यांना तो मनाचा खेळ. अर्थात रेशो म्हणजे सगळं नव्हे, फ्युएल इंजेक्शन, कूलिंग, टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) ह्याने फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा. मॅन्युअलमधे एक ओळ असते "किमान इतका रॉन" (रॉन म्हणजे आपल्याकडचं ऑक्टेनचं मोजमाप), ती वाचा, ते पुस्तक सीटखाली प्लास्टिकमधे तसंच पडलेलं असतं.

आता साधं आणि 95 शेजारी शेजारी ठेवू. इथेच मला स्वतःलाच धक्का बसला. माझ्या डोक्यात अजून "साधं म्हणजे 91" हेच बसलेलं होतं, आणि बीएस6 (गाड्यांच्या धुराचे सरकारी नियम) आलं तेव्हा ते बरोबरच होतं. पण आता पंपावर जे साधं मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या पुढे असतो, त्यामुळे मिसळलेल्या पेट्रोलचा नंबर वर सरकतो. ऑगस्ट 2025 मधे पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला त्यात स्पष्ट म्हटलंय की ई20 मुळे साध्या पेट्रोलचा रॉन 91 वरून 95 झाला. म्हणजे ज्या नंबरसाठी आपण लिटरमागे सात-दहा रुपये जास्त मोजत होतो तो नंबर साध्या नोझलमधूनच येतोय! मग 95 वाल्यात उरतं काय, तर त्यातली साफसफाईची द्रव्यं, जी इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर कार्बन साठू देत नाहीत. ती वाईट नाहीत, माझं मत असं की महिन्या-दोन महिन्यातून एखादी टाकी टाकायला हरकत नाही, पण दर वेळी 95 च मागणं म्हणजे आंबोळीबरोबर फुकट मिळणारी चटणी वेगळी विकत घेण्यासारखं. (वडील म्हणतात पूर्वीचं पेट्रोल कडक होतं. बीएस2 च्या काळात ते 88 होतं. सांगितलं त्यांना, पटलेलं नाही.)

100 वाल्याची गोष्ट वेगळी. इंडियन ऑइलने एक्सपी 100 डिसेंबर 2020 मधे आणलं तेव्हा दिल्लीत 160 रुपये लिटर होतं, पुढे बाकी दोन सरकारी कंपन्यांचीही आली. हे मोठ्या शहरातल्या ठराविक पंपांवर मिळतं, आमच्याकडे खेडेगावातल्या पंपावर दोनच नोझल, एक डिझेल एक पेट्रोल, त्यामुळे निम्म्या कोकणासाठी हा प्रश्नच उद्भवत नाही. पण समजा मुंबईतून टाकी फुल करून निघालात तर काय मिळतं? साडेबारा रेशोच्या गाडीला एप्रिल-मेच्या उन्हात, मागे माणूस, वर घाट, तेव्हा थोडा आधार. साडेनऊवाल्या गाडीला काहीच नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक सिंगल सिलिंडर बाईकना नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर नसतो, त्यामुळे इंजिनाला कळतच नाही की आज आपल्याला भारी पेट्रोल मिळालंय आणि टायमिंग पुढे घ्यायला हरकत नाही. मोठ्या गाड्यांचं बघून लोक फसतात ते इथेच. एक्सपी 100 चा खरा फायदा मला दुसराच वाटतो, तो खाली येतो.

नॉकिंग म्हणजे काय ऐकायचं असेल तर गेल्या मे महिन्यात फोंडा घाटात मी होतो, मागे बायको, पुढे टाकीवर तांदळाचं बाचकं, कोल्हापूरला बहिणीकडे निघालेलो. चढावर गाडी पस्तीसवर आली, मी आळशीपणाने चौथ्यातच ठेवून अॅक्सिलेटर पिळला आणि खालून आवाज सुरू, डबलबारी भजनात मागच्या पोरांनी टाळ धरावेत तसा, टिक टिक टिक. टाकीत 95 होतं बरं का. दोन गिअर खाली टाकले, आवाज गायब. म्हणजे ऑक्टेन पुरेसा असूनही चुकीच्या गिअरमधे इंजिन दाबलं तर टाळ वाजणारच, आणि करूळ, आंबोली, फोंडा, आंबा कुठल्याही घाटात नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं. योग्य गिअरमधे सुद्धा वाजत असेल तर कार्बन, प्लग, टायमिंग, इंजिन गरम होणं हे बघा, मग पेट्रोल.

स्प्लेंडरचं दुखणं ऑक्टेनचं नाहीच, ते इथेनॉलचं आहे. इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरजवळचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटर बिचारा जेट (पेट्रोल यायचं बारीक छिद्र) जेवढा तेवढंच देणार, मग गाडी जरा कोरडी चालते, तापते, सकाळी चोक जास्त वेळ मागते. शिवाय लिटरला इथेनॉलमधे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा, म्हणून अॅव्हरेज पण घसरतं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट लिहिलीय, म्हणजे साठ देणारी अठ्ठावन्न. एवढं चालतं. रबराचं दुखणं जास्त, जुन्या पाईपा कडक होतात, फ्लोट बाऊलची (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) ओरिंग फुगते. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांमधे ई20 ला टिकणारं रबर आहे, त्याआधीची असेल तर पाईप आणि ओरिंग बदलून टाका, खर्च किरकोळ आहे.

आणि आता पाणी. ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आमच्याकडे सगळा खेळ इथे होतो आणि पुण्यामुंबईची मंडळी लिहितात तेव्हा हे सुटतं. शिमग्यानंतर स्प्लेंडर अर्ध्या टाकीवर पडवीत उभी राहिली, वडील मुंबईला भावाकडे, मधे अख्खा पाऊस गेला, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी किक मारून मारून पाय सुजला तरी सुरू होईना. बाजारातल्या मेकॅनिककडे ढकलत नेली. मी त्याला शहाणपणा सांगत होतो की जुनं पेट्रोल आहे, 95 टाकूया का. त्याने काही न बोलता टाकीतलं तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं. वर पिवळसर थर, खाली गढूळ थर. म्हणाला, "तू ऑक्टेन कसला बघतंस, टाकीत पाणी किती आसा ता बघ पयला."

झालं होतं असं की इथेनॉल पाणी धरतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमधे विरघळून इंजिनातून निघून जातं, उलट ते बरंच. पण त्याला मर्यादा असते, 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, ई20 मधे थोडं जास्त. दहा लिटरच्या टाकीत म्हणाल तर कटिंग चहाच्या एका ग्लासाएवढा मामला. त्यावर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि गंमत बघा, ज्या इथेनॉलने नंबर 95 पर्यंत नेला होता तेच खाली गेल्यावर वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन आपोआप उतरतो. म्हणजे पंपावर तुम्ही कितीही भारी नोझल निवडा, चार महिने झाकणातून पाणी गेलं तर इंजिनाला तळातून पाणी-इथेनॉल आणि वरून हलकं पेट्रोल. हवेतल्या दमटपणाने पाणी येतं हे खरं, पण माझ्या मते त्याहून जास्त येतं ते झाकणाच्या झिजलेल्या रबरातून आणि बऱ्याच गाड्यांना झाकणाभोवती पाणी निघून जायला जे बारीक होल असतं ते माती-पानांनी बुजल्याने. आमचं तेच बुजलं होतं, आणि पडवीवरच्या पन्हळीची धार थेट टाकीवर पडत होती, ते बघायला कोण होतं.

त्यामुळे गाडी गावी ठेवून जाणाऱ्यांसाठी निवड अशी बदलते. कार्बोरेटर असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बाऊलचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. लोखंडी टाकी गच्च भरून ठेवा, मोकळी जागा कमी तर आत ओली हवा कमी, गंज कमी. होल तारेने साफ करा, वर प्लास्टिक बांधून आत घाम आणू नका. आणि शक्य असेल तर ठेवायच्या आधीची शेवटची टाकी इथेनॉल नसलेली, एक्सपी 100 तसं मिळतं, 100 वाल्याचा मला पटणारा उपयोग हा एवढाच, ऑक्टेनसाठी नाही तर इथेनॉल नाही म्हणून. फक्त इथेनॉल नसलं की पाणी विरघळत नाही, थेंब तळाला तसेच बसतात, म्हणजे झाकणाचं काम करावंच लागतं. शेजारच्या पोराला सांगून पंधरा दिवसांनी एक फेरी मारून घेतली तर ह्यातलं निम्मं लागत नाही, फेरी म्हणजे बाजारापर्यंत, स्टँडवर घुरघुरवणं नव्हे.

बाटलीतल्या पेट्रोलबद्दल दोन ओळी. टपरीवर टांगलेल्या बाटल्या अडीअडचणीला घेतो आपण, पण त्यात रॉकेल असेल तर ऑक्टेन धाडकन खाली, कुठल्याही गाडीत टाळ सुरू. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, थेंब उडून गेल्यावर डाग राहायला नको. बांदा-सावंतवाडीकडचे गोव्यात जाऊन भरतात ते निव्वळ स्वस्त पडतं म्हणून, नंबरात फरक नाही.

पैशाचा हिशोब क्लासिकवर धरला. महिना हजार किलोमीटर, पस्तीसचं अॅव्हरेज, साडेअठ्ठावीस लिटर. 95 घेतलं तर महिना सव्वादोनशे-अडीचशे जास्त, 100 घेतलं तर दीड हजाराच्या आसपास जास्त. महिन्याच्या अडीचशेत वर्षाला टाकीच्या झाकणाचं रबर, प्लग, एअर फिल्टर आणि वर मासे सुद्धा येतात.

तर आमच्या पडवीत ठरलं ते असं: स्प्लेंडरला साधं, पाईप आणि ओरिंग नवी, झाकणाचं रबर नवं, पन्हळ वळवली. क्लासिकला साधं, आणि घाटात मी हात सुधारायचा. ड्यूकला मॅन्युअल उघडलं, त्यातल्या किमान नंबरला ई20 पुरतं, तरी भाऊ मुंबईत 95 टाकतो आणि मे महिन्यात घाटातून यायचं असेल तेव्हा 100, त्याची गाडी, त्याचे पैसे, साडेबाराच्या गाडीसाठी मी वाद घातला नाही. जाताना अनंत चतुर्दशीनंतर कणकवलीच्या पंपावर तो निमूटपणे साध्याच्या रांगेत लागला, आणि वडील त्या पोराला म्हणाले, "ह्याका 100 वाला व्हया काय विचार."