सेफॅलेक्सिन ३०० : गुणाला पाचपैकी चार, वासाला शून्य

एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टरकी केली, त्यामुळे हिशेब ठेवायची खोड काही जात नाही. आमच्या बुंदीच्या पोटात या पावसाळ्यात सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, ३०० मिलिग्रॅमच्या ६३ गोळ्या गेल्या. देशी कुत्री, वय ६, वजन १८ किलो. गोळ्या मीच चारल्या, तेव्हा हा रिव्ह्यू लिहायचा हक्कही माझाच.

ऑगस्टमध्ये तिच्या पोटाखाली अन् मांड्यांच्या आतून पुळ्या आल्या. पुळी फुटली की गोल चट्टा पडायचा, कडेनं पापुद्रे सुटायचे. सौ. म्हणाली गजकर्ण आहे, म्हणून आठवडाभर मलम चोपडलं. मग मी माझी अक्कल चालवली. नातवाचा घसा बसला तेव्हाच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या, त्या तीन दिवस बुंदीला दिल्या. फरक शून्य. रात्रभर कराकरा खाजवून राहिली होती अन् मानेवाड्यातली आमची अख्खी गल्ली जागी.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी काचपट्टी चट्ट्यावर दाबली, रंग टाकला अन् सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवली. जांभळे गोल ठिपके, द्राक्षाच्या घडासारखे लगडलेले. जंतूचं नाव स्टॅफायलोकोकस सूडइंटरमीडियस. कुत्र्यांच्या अंगावर तो एरवीही असतो म्हणे, कातडी बिघडली की माजतो. अमॉक्सिसिलिनचं मी भीतभीत सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, पण समजावलं ते डोक्यात बसलं : यातले बरेच जंतू पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम सोडतात, पेनिसिलिनच्याच कुळातलं साधं अमॉक्सिसिलिन त्यातच खपून जातं. सेफॅलेक्सिनचं कूळ जवळचंच, पण ते या एन्झाइमनं सहसा तुटत नाही.

डोस ठरला वजनावर : ३००ची दीड गोळी, १२-१२ तासांनी, जेवणासोबत. 'जेवणासोबत' हे मी पहिल्या दिवशी हलक्यात घेतलं. सकाळी सहाला उपाशीपोटी दिली, साडेसहाला ओटा धुवावा लागला.

आता वासाचं. बाप्पा! गोळी मोडली की सडक्या अंड्याचा भपकारा. दीड गोळी म्हटल्यावर रोज मोडणं आलंच. पोळीत लपवली तर बुंदी पोळी खायची अन् गोळी माझ्या चपलेजवळ ठेवून जायची. पेढा दोनदा चालला, तिसऱ्यांदा तिनं ओळखला. टिकला तो उकडलेल्या अंड्याचा बलक. अंड्याचा वास अंड्यात जिरला असावा.

सोबत ४ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर १० मिनिटं ठेवून मग धुवायचा. ओल्या कुत्रीला १० मिनिटं एका जागी धरून ठेवण्यापेक्षा दिवाळीत भरलेल्या गाडीची तिकिटं फाडणं सोपं. पण माझ्या मते निम्मं श्रेय शाम्पूचंच. अंग थोडंच बिघडलं असतं तर नुसत्या शाम्पूवरही भागलं असतं, हे डॉक्टरच म्हणाले.

चौथ्या दिवशी खाज बसली अन् सौ. म्हणाली, "आता काहून देता?" मोह मलाही झाला. पण १४ दिवसांनी दाखवायला नेलं तर पोटाखाली दोन ताजे चट्टे निघाले. आणखी आठवडा वाढला. तेव्हाही उतार नसता तर प्रयोगशाळेत जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते तपासायचं ठरलं होतं, कारण काही जंतू सेफॅलेक्सिनलाही दाद देत नाहीत. आमच्यावर ती वेळ आली नाही.

एक गुण कापला तो वासासाठी नाही. गोळी जंतू मारते, पिसवा मारत नाही. बुंदीच्या शेपटीच्या मुळाशी पिसवा होत्या, त्यांच्यावर वेगळं औषध घातलं. शिवाय कूलरखालच्या ओल्या फरशीवर झोपायची तिची सवय मोडली. हे राहिलं असतं तर ६३च्या जागी १२६ झाल्या असत्या.

दहाच्या सात पट्ट्या आणल्या, म्हणजे ७ गोळ्या उरल्या. परवा शेजारचा पोट्टा आला : "काका, आमचा टायगर बी खाजवून राहिला, त्या गोळ्या द्या ना." गोळ्या दिल्या नाहीत. उरलेला शाम्पू दिला, डॉक्टरचा पत्ता दिला अन् टायगरला उचलून रिक्षात बसवायला मीच गेलो. ३४ किलोचा आहे, कंबर अजून दुखते.