जळगावातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, जाऊन या पण पंख्याखाली उभे रहा

स्टॅंडजवळच्या गल्लीत आहे, बोर्ड वगैरे काही नाही, बाहेर गाईडांचे गठ्ठे दिसले की तेच. मे महिन्यात गेलो, आत भट्टी नुसती. खालच्या ढिगात जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स प्लांकचं चरित्र सापडलं, भाऊ म्हणाले "लई जा भो, ऐंशी दे".

प्लांक माणूस भारी निघाला यार. सोळाव्या वर्षी म्युनिक युनिव्हर्सिटीत शिकायला गेला तर प्रोफेसरच म्हणाले फिजिक्समध्ये आता नवीन काही उरलं नाही, हा तरी तेच शिकला आणि १९०० मध्ये क्वांटम (ऊर्जा छोट्या छोट्या पुड्यांत मिळते, ही कल्पना) मांडून बसला, नोबेल १९१८ चं. पियानो इतका चांगला की संगीतातच जायचा विचार होता, पुढे बर्लिनला घरी आइन्स्टाइन व्हायोलिन घेऊन यायचे. म्हातारपणीही आल्प्स चढायचा, आम्ही पाटणादेवीला गेलो तरी धापा टाकतो. १९४५ मध्ये हिटलरविरोधी कटात त्याच्या मुलाला फाशी दिली, ते पान वाचून पुस्तक बाजूलाच ठेवलं थोडा वेळ.

तक्रार एकच, मधली आठ पानं गायब, घेताना चाळून बघा. परत गेलो तर भाऊंनी वीस रुपये परत दिले, वर चहा पाजला. चार स्टार.