नापासांच्या क्लासचा अनुभव, दहावीच्या पालकांसाठी (जरा मोठं लिहिलंय)

ग्रुपवर परवा कुणीतरी विचारलं होतं की दहावीला विषय राहिलेल्या पोरांसाठी कराडमध्ये चांगला क्लास आहे का, तिथे थोडक्यात उत्तर दिलं पण मन भरलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. क्लासला पाटी नाही, सगळे नापासांचा क्लासच म्हणतात, सरांना जाहिरात नको असते म्हणून नाव टाकत नाही, कराडमधल्या कुणालाही विचारलं तरी सांगतील.

माझा मुलगा २०२५ ला दहावीला होता. १३ मेला रिझल्ट लागला आणि गणित, विज्ञान दोन्ही गेले. त्या दिवशी तो जेवला नाही, दाराला आतून कडी लावून बसला, आणि खरं सांगते मी बाहेरून दिलासा द्यायचा सोडून बोलतच राहिले, एवढी फी भरली, एवढं केलं, चुलत बहिणीला बघ ८९ टक्के. मिस्टर तर तीन दिवस त्याच्याशी बोललेच नाहीत. शेजारच्या ताईंनी या क्लासचं सांगितलं, त्यांचा पुतण्या तिथूनच निघालाय आणि आता आयटीआय करून कामाला लागलाय.

पहिल्या दिवशी सरांनी त्याला मार्क विचारले नाहीत. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला सांगितली. मला वाटलं पोरगं आधीच खचलंय, त्याला कशाला परत तेच दाखवायचं? पण प्रत आल्यावर सरांनी त्याला शेजारी बसवून अख्खा पेपर वाचायला लावला आणि प्रत्येक गणितात जिथपर्यंत बरोबर आलंय तिथे पेन्सिलने एक रेघ मारली. लाल पेन या क्लासमध्ये दिसतच नाही. पेपरात मार्क पायरीपायरीला असतात, त्यामुळे रेघा मोजल्यावर पोराच्या लक्षात आलं की आपण कोरे नाही, वर्गसमीकरणात दोन पायऱ्या येतात आणि तिसऱ्या पायरीला अपूर्णांक आला की हात थांबतो. म्हणजे अडचण दहावीची नव्हतीच, पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांची होती! पाच वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. घरी येऊन तो म्हणाला, आई मला गणित येत नाही असं नाही, मला भागाकार येत नाही. रिझल्टनंतर तो आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

मग पुढचे १५ दिवस फक्त पाढे, अपूर्णांक, चिन्हं. प्रत्येकाची एक चुकांची वही असते, रोज एक चूक लिहायची आणि ती का झाली ते आपल्या शब्दांत लिहायचं, आणि शनिवारी प्रत्येकजण उभा राहून आपली एक चूक फळ्यावर सोडवून दाखवतो. माझं पोरगं आधी फळ्यापाशी जायलाच तयार नव्हतं, दोन शनिवार सरांनी जबरदस्ती केली नाही, तिसऱ्या शनिवारी स्वतः गेलं. बाकीची पोरं हसत नाहीत कारण सगळ्यांचंच तेच झालेलं असतं, हे मला फार मोलाचं वाटलं.

पालकांनाही एकदा बोलावतात. नियम एकच, परीक्षा होईपर्यंत घरात दुसऱ्या कुणाच्या मार्कांचा विषय काढायचा नाही. मिस्टरांना आधी पटलं नाही, पण पाळलं त्यांनी. गैरहजर राहिलं पोरगं तर सर संध्याकाळी एम-८० गाडीवर घरी येतात, ओरडत नाहीत, चहा घेतात आणि उद्या ये म्हणून जातात.

आमच्या वेळी नापास झालं की ऑक्टोबरची वारी असायची, अख्खं वर्ष हातातून जायचं, माझा मामेभाऊ त्यातच शाळेला कायमचा मुकला. २०१५ पासून फेरपरीक्षा लगेच घेतात, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला बसता येतं. हे कित्येक पालकांना माहीतच नसतं, पोराला तर आयुष्य संपलं असंच वाटतं. म्हणून क्लासच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात १४४१६ लिहिलंय, सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. रिझल्टच्या रात्री मला हा नंबर माहीत असता तर त्या दाराबाहेर मी वेगळी वागले असते.

कमतरता पण सांगते. वर पत्रा आहे, मे महिन्यात दहानंतर बसवत नाही म्हणून बॅच सकाळी सात ते दहा. लांबून एसटीने येणाऱ्या पोरींना त्यासाठी पाचला उठावं लागतं, आणि पोरींसाठी नीट बाथरूम नाही, ही मोठी गैरसोय आहे, मी सरांना बोलून दाखवलंय. विज्ञानाच्या मॅडम चांगल्या आहेत पण आठवड्यात तीनच दिवस येतात. ९० टक्केवाल्या पोरांसाठी हा क्लास नाही. फी मात्र हप्त्याने घेतात आणि ज्याला जमत नाही त्याला विचारत नाहीत.

२४ जूनपासून परीक्षा झाली. विज्ञान निघालं. गणित परत राहिलं, थोडक्यासाठी.

मी घाबरले होते, आता परत दाराला कडी लागणार. पण तो दुपारी जेवला, संध्याकाळी सायकल काढून क्लासला गेला आणि सरांना म्हणाला झेरॉक्स मागवूया. या वेळी भूमितीत समरूपतेच्या दोन्ही गणितांना शेवटपर्यंत रेघ गेली होती, राहिलं होतं त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. आता एटीकेटीवर अकरावी आर्ट्सला आहे, सकाळी कॉलेजच्या आधी तासभर क्लासला जातो, मार्चचा फॉर्म त्याने स्वतः भरला, मला फक्त फोटो आणि सही मागितली.

ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी दहा वाजता बॅच सुटल्यावर जा, सर तेव्हा निवांत भेटतात, आणि पोराला बरोबर न्या, एकट्या पालकांशी ते प्रवेशाचं बोलत नाहीत.